घरगुती मसाल्याचा धंदा वाढवताय? आधी काय, नंतर काय

फेब्रुवारी ते मे या काळात सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडे गच्चीगच्चीवर मिरची वाळत असते. त्यातल्या बऱ्याच घरांत कांदा-लसूण मसाला आता फक्त घरापुरता होत नाही. आधी नातेवाईक मागतात, मग त्यांच्या सोसायटीतली माणसं, मग एखादा दुकानदार म्हणतो, "ताई, माझ्याकडे ठेवा की थोडा." इथवर सगळं आपोआप होतं, पण यापुढचं काहीच आपोआप होत नाही.

घरच्या शेगडीपासून भाड्याच्या गाळ्यापर्यंत आणि तिथून दुकानांच्या फळीपर्यंत आम्ही याच वाटेने गेलो. आता रोज कुणीतरी विचारतं, मशीन कुठलं घेऊ आणि सबसिडी किती मिळेल. माझं कळकळीचं सांगणं आहे की मशीन आणि कर्ज शेवटी ठेवा. आधी भाव, मग कागद, मग जागा आणि त्यानंतर पैसा. हा क्रम उलटा झाला की हप्ता सुरू होतो आणि माल मात्र तोट्यात विकला जातो.

मसाल्याऐवजी तुमचा धंदा चटण्यांचा, भाजणीचा किंवा फराळाचा असला तरी बहुतेक सगळं असंच लागू पडेल.

१. दुकानात परवडेल असा भाव काढा

घरून विकताना आपण मिरची, खोबरं, धणे, तेल, कांडपाची मजुरी आणि पिशवी एवढंच धरतो. आपले हात, घरातल्यांचा वेळ, घरचं वीजबिल आणि स्वयंपाकघराची जागा हिशेबात येतच नाहीत. म्हणून नफा दिसतो. गाळा घेतला, दोन बायका कामाला ठेवल्या की तोच नफा गायब होतो.

एका किलो तयार मसाल्याचा नमुना हिशेब मांडते. आकडे समजण्यापुरते आहेत, त्यांच्या जागी तुमचे घाला.

कच्चा माल, घट धरून: २८० रुपये
कांडप, गॅस, वीज: ३०
मजुरी, स्वतःचीसुद्धा: ४५
पाव किलोची चार पाकिटं, लेबलं, खोका: ३५
वाहतूक: १२
फुटलेली, परत आलेली, नमुन्याला दिलेली पाकिटं: ८
भाडं, फोन, परवाने, तपासण्या यांचा वाटा: ३०
एकूण: ४४०

घट हा शब्द हलक्याने घेऊ नका. मिरची वजनाला देठासकट येते. देठ काढताना, माती-बी झटकताना, कडक उन्हात वाळवताना वजन उतरतं. कांदा तळला की किती उरतो ते तुम्हाला ठाऊकच आहे. एकदा पूर्ण घाणा प्रत्येक टप्प्यावर तोलून बघा: आणली किती, निवडून किती, वाळून किती, कुटून किती. हा कागद जपून ठेवा, पुढे बँकेतही तो कामी येतो.

आता हाच किलो दुकानात पाठवू. पाकिटावरची किंमत किलोला ६०० पडेल अशी ठेवली आणि दुकानदाराने २० टक्के ठेवले, तर तुमच्या हाती ४८० येतात. तुम्ही नेहमीच्या पद्धतीने जीएसटी भरत असाल, तर त्यातला ५ टक्के कर काढून ४५७ उरतात. खर्च ४४०. म्हणजे किलोमागे १७ रुपये, आणि त्यातूनच कर्जाचं व्याज जायचं आहे. किंमत ६८० ठेवली तर दुकानदाराकडून ५४४ येतात, कर वजा जाता ५१८, आणि शिल्लक ७८. याच भावात धंदा वाढवता येतो.

"एवढं महाग कोण घेणार?" हा प्रश्न खरा आहे, आणि त्याचं उत्तर आत्ताच शोधायचं आहे. पाव किलोऐवजी शंभर ग्रॅमचं पाकीट काढा, मिरचीचं मिश्रण बदलून बघा. ब्याडगी रंग देते, लवंगी तिखटपणा देते, संकेश्वरीची चव वेगळीच. प्रमाण बदललं की खर्चही बदलतो. एवढं करूनही दुकानाचा भाव जमत नसेल तर दुकानांच्या मागे लागू नका. थेट गिऱ्हाईक वाढवा. तीही वाढच आहे, आणि कित्येक घरांसाठी जास्त सुखाची.

२. हाताचा अंदाज कागदावर उतरवा

सासूबाईंच्या मुठीला तोड नाही हे कबूल. पण त्या आजारी पडल्या की त्या आठवड्याचा मसाला वेगळा लागतो आणि गिऱ्हाईक बरोबर ओळखतं. प्रत्येक जिन्नस ग्रॅममध्ये लिहा. खोबरं कुठल्या रंगावर उतरवायचं त्याचा फोटो काढून भिंतीवर लावा. तेल किती तापवायचं, मीठ कोणत्या टप्प्यावर घालायचं, तेही लिहा.

मग प्रत्येक घाण्याला क्रमांक द्या. वहीत तारीख, मिरची कुणाकडून आली, किती माल निघाला, कुणाकुणाला गेला, हे टिपा. त्या घाण्यातलं एक बंद पाकीट मुदत संपेपर्यंत बाजूला ठेवा. तक्रार आली की ते उघडून बघता येतं, आणि तेवढाच घाणा परत मागवता येतो.

कांदा-लसूण मसाल्यात ओल राहिली तर बुरशी धरते. "सहा महिने टिकतो" हे स्वतःच्या डब्यावरून ठरवू नका. विकायच्या त्याच पाकिटात भरून, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून टिकवण्याची मुदत तपासून घ्या. मिरचीत अफ्लाटॉक्सिनची तपासणीही तिथे होते. पावसात भिजलेल्या किंवा नीट न वाळलेल्या मिरचीत हे बुरशीचं विष तयार होतं, आणि भाजून-कुटून ते जात नाही. स्वस्तातली डागी मिरची घ्यायचा मोह होईल तेव्हा एवढं आठवा. हा माल लोकांची लेकरं खाणार आहेत.

३. उद्यम नोंदणी आणि वेगळं खातं

सगळ्यांत सोपी पायरी. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारदरबारी नोंद, आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते, पूर्णपणे मोफत. इथे सापळा असा की शोधल्यावर सरकारी वाटणारी खाजगी संकेतस्थळं आधी दिसतात आणि हजार-दोन हजार मागतात. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' असेल तरच पुढे जा. नोंदणी झाल्यावर फोन येतात: "तुमचं प्रमाणपत्र नूतनीकरण करायचंय." ते फोन सरकारचे नसतात, पैसे पाठवू नका.

त्याच आठवड्यात धंद्याच्या नावाने चालू खातं उघडा आणि क्यूआर कोड त्यालाच जोडा. घरखर्च आणि धंदा एकाच खात्यात असेल तर बँक तुमची उलाढाल मानतच नाही.

४. अन्न परवाना: नोंदणी की लायसन्स?

घरातून विकायचं असलं तरी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागतेच. फॉस्कॉस या पोर्टलवर अर्ज होतो. मूळ नोंदणीची फी वर्षाला १०० रुपये, आणि १४ आकडी क्रमांक मिळतो. वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असेल तर ही नोंदणी पुरते, असा अनेक वर्षं नियम होता; २०२६ मध्ये ही मर्यादा वाढवली. त्यापुढे राज्य परवाना लागतो. अर्ज करताना चालू मर्यादा पोर्टलवर पाहूनच भरा.

    धंदा या मर्यादेजवळ पोचत असेल तर मोठी ऑर्डर घेण्याआधी राज्य परवान्याचा अर्ज टाका.

राज्य परवान्यासाठी साधारण हे लागतं:

- जागेचा नकाशा, कुठे काय होतं ते दाखवून
- यंत्रांची यादी, मोटरच्या अश्वशक्तीसह
- भाडेकरार किंवा मालकीचा पुरावा
- पाण्याच्या तपासणीचा अहवाल
- पदार्थांची यादी
- अन्नसुरक्षा योजना आणि जबाबदार व्यक्तीच्या नेमणुकीचा अर्ज
- भागीदारी असेल तर करारपत्र

उत्पादकांना या परवान्याची वार्षिक फी क्षमतेनुसार ३,००० किंवा ५,००० रुपये. परवाना मिळाल्यावर दोन गोष्टी लोक हमखास विसरतात. एक, दर सहा महिन्यांनी मालाची तपासणी करून अहवाल पोर्टलवर चढवणं. दुसरी, वार्षिक विवरणपत्र ३१ मेपर्यंत भरणं. उशीर झाला की दिवसाला १०० रुपये दंड चढतो, आणि ही तारीख नेमकी आपल्या गर्दीच्या महिन्यात येते. मार्चमध्येच भिंतीवर लिहून ठेवा.

५. जीएसटी: निपाणीचा विचार करून

महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही. पण ही सवलत राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याला आहे. आपल्या भागातल्या माणसाला निपाणी, बेळगाव किंवा गोव्याचं गिऱ्हाईक सहज मिळतं. ते मात्र परराज्य झालं. तिकडे माल विकायचा तर पहिल्या रुपयापासून नोंदणी हवी.

दीड कोटीपर्यंत कंपोझिशन योजना घेता येते. उत्पादकाला उलाढालीच्या १ टक्का कर आणि कागदपत्रं कमी. पण तो १ टक्का खिशातून द्यायचा, बिलात कर लावता येत नाही, खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, आणि परराज्यात विकता येत नाही. फक्त जिल्ह्यातल्या किरकोळ दुकानांत माल जाणार असेल तर कंपोझिशन ठीक. मोठे वितरक किंवा कर्नाटक-गोवा डोळ्यासमोर असेल तर नेहमीची नोंदणीच घ्या. नोंदणीसोबत व्यवसाय कराची २,५०० रुपये वार्षिक नोंदणीही लागते, ती सीए हमखास सांगतील.

मसाल्यावर ५ टक्के दर आहे. फराळाचा धंदा असणाऱ्यांसाठी मोठा बदल म्हणजे पॅकबंद नमकीनवरचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला. जुन्या दराने काढलेला भाव असेल तर पुन्हा मांडा.

६. जागा आणि वीज

गावात गाळा घेणार असाल तर ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला आणि नमुना ८ चा उतारा आधी बघा. मिरची कुटली की आसपासच्या चार घरांना ठसका लागतो. शेजाऱ्यांशी आधी बोला आणि धूळ ओढणारी सोय बसवण्याचा खर्च धरा. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते का, ते यंत्र घेण्याआधी मोटरची अश्वशक्ती सांगून विचारून घ्या.

भाडेकराराबद्दल एक कळीची गोष्ट. आपल्याकडे सर्रास ११ महिन्यांचा करार होतो, पण बँकेचं कर्ज पाच-सात वर्षांचं असतं. कर्जाच्या मुदतीएवढा नोंदणीकृत करार मालक करून देणार का, हे अनामत देण्याआधी विचारा. तो नाही म्हणाला तर जागा कितीही चांगली असो, सोडा.

घरगुती वीजजोडणीवर मशीन चालवू नका. वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते. महावितरणकडे अर्ज करताना 'औद्योगिक' जोडणी मागा. गाळा म्हटलं की कित्येकदा व्यापारी दर लावला जातो, आणि दोन्हींच्या बिलात चांगलाच फरक पडतो. अर्जासोबत उद्यम प्रमाणपत्र जोडा.

७. पाकीट आणि नाव

हजारो पिशव्या छापून आणण्याआधी नमुना छापा आणि जाणकाराकडून तपासून घ्या. पाकिटावर पदार्थाचं नाव, घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने, पोषणमूल्यं, शाकाहाराचं हिरवं चिन्ह, एफएसएसएआयचं बोधचिन्ह आणि क्रमांक, उत्पादकाचा पूर्ण पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, एक किलोपेक्षा लहान पाकिटावर प्रति ग्रॅम भाव, उत्पादन आणि मुदतीची तारीख, घाणा क्रमांक आणि तक्रारीसाठी फोन-ईमेल हवा. तीळ, शेंगदाणे असतील तर ॲलर्जीची सूचना ठळक द्या. पॅकबंद माल भरणारा म्हणून वैधमापनशास्त्र (वजन-मापं तपासणाऱ्या) विभागाकडे नोंदणी करा आणि काट्यावर दरवर्षी शिक्का मारून घ्या.

'होममेड', 'घरी बनवलेलं' असे शब्द गाळ्यात तयार झालेल्या मालावर छापू नका. गिऱ्हाइकाची दिशाभूल करणाऱ्या अशा शब्दांना जाहिरात व दाव्यांच्या नियमांत मनाई आहे. '१०० टक्के' हा दावाही एफएसएसएआयने मे २०२५ मध्ये टाळायला सांगितला आहे.

नावाचा ट्रेडमार्क अर्ज पिशव्या छापण्याआधी करा. मसाले वर्ग ३० मध्ये येतात. व्यक्ती किंवा उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या उद्योगाला ऑनलाइन फी ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. 'अस्सल', 'गावरान', 'कोल्हापुरी' असे वर्णनात्मक शब्द एकट्याने मिळत नाहीत. वेगळं नाव शोधायला दोन दिवस द्या.

८. आता कर्जाकडे

मसाल्यात पैसा दोन ठिकाणी लागतो, आणि दोन्हींचं कर्ज वेगळं.

यंत्र आणि बांधकामासाठी मुदत कर्ज. पीएमएफएमई या छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान असतं, आणि स्वतःचे किमान १० टक्के घालावे लागतात. ही योजना २०२० मध्ये सुरू झाली आणि तिची मुदत २०२५-२६ पर्यंत होती. पुढच्या अर्जांची स्थिती जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात समजेल. तिथले जिल्हा संसाधन व्यक्ती प्रकल्प अहवाल करायला मदत करतात, त्यासाठी तुम्ही पैसे द्यायचे नसतात. बचत गटातून काम करत असाल तर उमेद (ग्रामीण जीवनोन्नती अभियान) किंवा माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) यांच्या कार्यालयातही विचारा.

अनुदान हातात पडत नाही. ते बँकेत तीन वर्षं राहतं आणि हप्ते नियमित असतील तरच कर्जात वळतं होतं. म्हणजे हप्ता पहिल्या महिन्यापासून पूर्ण भरावा लागणार. मला भेटणाऱ्या बहुतेकांनी अनुदान वजा करून हप्ता मोजलेला असतो. तसं करू नका.

दुसरा पैसा मिरचीसाठी. वर्षभराची मिरची आपण दोन-तीन महिन्यांत घेतो, शीतगृहात ठेवतो आणि पैसे वर्षभर थोडे थोडे येतात. यासाठी कॅश क्रेडिट, म्हणजे सीसी मर्यादा मागा. छोट्या उद्योगांना अपेक्षित वार्षिक उलाढालीच्या २० टक्के खेळतं भांडवल देण्याची बँकांची जुनी पद्धत आहे. ३० लाखांचा अंदाज असेल तर ६ लाख. अर्ज नोव्हेंबरमध्येच करा. मार्चमध्ये बँक वर्षअखेरीत असते आणि मिरची बाजारात आलेली असते.

फक्त मशीनचं कर्ज घेऊन मिरचीला सावकाराकडे जाणारी घरं मी पाहिली आहेत. दोन्ही अर्ज एकत्र द्या. छोट्या उद्योगाच्या २० लाखांपर्यंतच्या कर्जाला (१ एप्रिल २०२६ पूर्वी १० लाख) तारण मागू नये असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. मुद्रा योजनेतूनही प्रयत्न करता येतो.

बँकेसाठीची फाइल: आधार, पॅन, उद्यम, अन्न परवाना, एक वर्षाचे खातेउतारे, आयकर विवरणपत्रं, भाडेकरार, यंत्रांची दोन-तीन दरपत्रकं, पहिल्या पायरीतला खर्चाचा कागद, आणि दुकानदारांची लेखी मागणी असेल तर तीही.

९. हाताखालची माणसं

सीझनला दहा बायका आणि एरवी दोन, असं चालतं. पण एक बाई वर्षभराची ठेवा जिला घाणा पहिल्यापासून शेवटपर्यंत येतो, आणि तिला इतरांपेक्षा चांगला पगार द्या. मास्क, हातमोजे, डोळ्यांना चष्मा आणि दुपारचं ताक हा खर्च मजुरीत धरा. मिरचीत आठ तास बसणं सोपं नाही. कामगारांचे आरोग्य दाखले वर्षातून एकदा करून घ्या. दहा माणसांचा आकडा गाठला की ईएसआयबद्दल, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्यविम्याबद्दल, सीएला विचारा.

१०. पहिली दहा दुकानं

एकदम पन्नास दुकानं धरू नका. दहा धरा, तीही एका रस्त्यावरची, म्हणजे एका फेरीत माल पोचतो आणि वसुली होते. प्रत्येक दुकानाला उधारीची मर्यादा ठरवा: आधीचं बिल मिळाल्याशिवाय दुसरा खोका नाही. पाकिटं परत घ्यायची अट सुरुवातीलाच बोलून घ्या. न खपलेला माल मुदत संपायच्या दोन महिने आधी उचला, तो थेट गिऱ्हाइकाला विकता येतो.

मोठं दुकान किंवा वितरक घेणार असेल तर बिलावर उद्यम क्रमांक छापा. सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. थकले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं, आणि केंद्राच्या लघुउद्योग मंत्रालयाच्या पोर्टलवर तक्रार करता येते. बहुतेक वेळा तक्रारीची वेळ येत नाही. बिलावर उद्यम क्रमांक दिसला की वितरकाचा हिशेबनीसच पैसे वेळेत सोडतो.

तीन महिन्यांनी दहाही दुकानांची वही उघडा. कुठे माल दर पंधरा दिवसांनी संपतो, कुठे पैसे मागावे लागतात, कुठलं पाकीट परत येतं, हे बघा. त्यातली तीन-चार दुकानं सोडा आणि त्यांच्या जागी नवी धरा. शंभर ग्रॅम खपतंय की पाव किलो, हेही तिथेच कळेल, आणि पुढच्या फेब्रुवारीत मिरची किती घ्यायची याचा आकडा त्याच वहीतून काढा.